बॅटरी घ्यायची, पण किती ल्युमेनची?

प्रश्न : दर रविवारी पहाटे अंधारात सिंहगड चढतो. मित्राने मुठीत मावणारी, २००० ल्युमेनची एलईडी टॉर्च सुचवली आहे. रोजच्या वापराला बरी पडेल का?
– एक वाचक, धायरी

उत्तर : पडेल, पण त्या २००० ल्युमेनवर (ल्युमेन म्हणजे टॉर्चच्या एकूण उजेडाचं माप) भाळू नका. तसलीच एक माझ्या खिशात दोन वर्षं आहे. पूर्ण झोतावर दोन-तीन मिनिटांत इतकी तापते की रुमालात धरावी लागते. मग आपणहून मंद होते. तो दोष नव्हे. एवढ्याशा नळीतून उष्णता जाणार कुठे? म्हणून खोक्यावर कमी झोताचे आकडे आणि त्यावर टॉर्च किती तास चालते ते वाचा. गडाच्या पायवाटेला १००-१५० ल्युमेन पुरतात, वाड्याच्या जिन्यात तर २०सुद्धा.

आतला १८६५० सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) काढता येत असेल तरच घ्या; नाहीतर सेल दमला की अख्खी टॉर्च भंगारात. पावसासाठी आयपीएक्स८ (पाण्यात बुडाली तरी चालेल असा दर्जा) बघा.

आणि बटण लॉक होतं का, तेही दुकानातच तपासा. माझी एकदा स्वारगेटच्या बसमध्ये पँटच्या खिशातच पेटली होती. शेजारच्या आजी कात्रजपर्यंत हसत होत्या.