‘देसामोर’ला ‘विरह’ म्हणावे का?

मेक्सिकोतील रांचेरा या पारंपरिक, लोकप्रिय गीतप्रकारातील गीतांविषयी मराठीत लिहिताना स्पॅनिशमधील ‘देसामोर’ या शब्दासाठी ‘विरह’ वापरावा का आणि अशा गाण्यांना सरसकट विरहगीते म्हणावे का, असा प्रश्न आहे. माझ्या मते सरसकट म्हणू नये.

‘आमोर’ म्हणजे प्रेम आणि ‘देस’ हा अभाव दाखवणारा उपसर्ग. ‘विरह’ शब्दात ‘वि’पुढे ‘रह्’ हा ‘त्याग करणे’ या अर्थाचा धातू आहे, त्यामुळे टाकले जाण्याची छटा त्यात मुळापासून आहे. परंतु ज्ञानेश्वरांच्या विराण्यांपासून आजपर्यंत मराठीने तो शब्द, ज्याची ओढ आहे तो दूर असण्याच्या दुःखासाठीच राखला आहे. विरहात माणूस दूर असतो आणि प्रेम शाबूत असते. देसामोरमधला माणूस समोरच्या घरातही राहत असेल. आटलेले असते ते प्रेम.

दोलोरेस इदाल्गो या गावी जन्मलेले रांचेरा गीतकार होसे आल्फ्रेदो हिमेनेस (१९२६–१९७३) यांना कोणतेही वाद्य वाजवता येत नव्हते, तरी या भावनेला त्यांच्याइतकी नेमकी भाषा क्वचितच कोणी दिली असेल. त्यांच्या ‘एया’, म्हणजे ‘ती’, या गाण्यातला पुरुष विनवण्या करून थकला आहे आणि ती ऐकून घ्यायलाही तयार नाही. ‘एल रेय’ या गाण्यात तर सिंहासन नाही, राणी नाही, तरी मी राजाच आहे, असे तो ठासून सांगतो. येथे ‘प्रेमभंग’ हा शब्दही अपुरा पडतो, कारण दुःखाच्या बरोबरीने मानभंगाची जखम बोलत असते, आणि ती वगळली तर त्या गाण्याचा ताठा मराठीत उतरणारच नाही.

१९७२ साली गायक विसेंते फर्नांदेस यांनी लोकप्रिय केलेले ‘वोल्वेर, वोल्वेर’ मात्र वेगळे आहे. ‘वोल्वेर’ म्हणजे परतणे. दोघांनी एकमेकांना सोडून बराच काळ लोटल्यावर, तुझेच बरोबर होते, असे कबूल करून तो परतण्यासाठी तळमळतो. भांडून प्रियकराला दूर लोटणारी आणि मग पस्तावणारी नायिका आपल्या साहित्यशास्त्रात ‘कलहांतरिता’ म्हणून ओळखली जाते. त्या अवस्थेतला हा नायक आहे, असे मला वाटते. तोमास मेंदेस यांच्या ‘कुकुर्रुकुकू पालोमा’त ती गेल्यावर झुरून मेलेल्या पुरुषाचा आत्मा कबुतर होऊन घुमतो, आणि तेथे ‘विरह’ निःशंकपणे शोभतो.

म्हणून या गाण्यांना एकत्रितपणे ‘प्रेमभंगाची गाणी’ म्हणावे आणि ‘विरहगीत’ हे नाव ज्यांत ओढ अभंग आहे त्यांनाच द्यावे. तरीही ‘भंग’ ही घटना आहे आणि देसामोर ही स्थिती, हा फरक उरतोच. त्यामुळे वाक्यात हा शब्द आला तर नामासाठी अडून न राहता ‘प्रेम आटले’, ‘तिचे मन उडाले’ अशी आपली क्रियापदे वापरावीत.