समन्वयक सोडून गेली, मुलगा बोलेनासा झाला: आधी शेवटच्या भेटीचं विचारा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. तुम्ही ज्याचे मेंटर आहात तो बालगृहातला सतरा वर्षांचा मुलगा, वर्षभर छान जमलेली तुमची जोडी, संस्थेची समन्वयक अचानक नोकरी सोडून गेलेली, ऑफिसातून फक्त 'कळवतो' एवढंच उत्तर, आणि मुलगा भेटीत हो-नाहीच्या पलीकडे बोलत नाही. मी पुण्यात बरीच वर्षं मेंटर म्हणून, म्हणजे एका मुलाला नियमित भेटून सोबत करणारी मोठी व्यक्ती म्हणून जातेय आणि आमचं सगळं नेमकं याच वळणावर विस्कटलं होतं.

पोलीस पडताळणी, बाल संरक्षण धोरणावरची सही, मुलाला परस्पर बाहेर न नेणं, हे तुम्हाला ठाऊक असणारच. त्यात जात नाही.

मुलगा का बोलत नाही यावर तुम्ही बरंच लिहिलंय. संवादकौशल्याचे व्हिडिओ बघू नका, कृपा करून. या मुलांनी येणारी-जाणारी मोठी माणसं पुष्कळ पाहिलेली असतात. वाढदिवसाला केक घेऊन येणारे, फोटो काढून जाणारे, 'पुढच्या रविवारी येतो' म्हणणारे. समन्वयक ताई दिसेनाशी झाली की पुढचा नंबर तुमचा, हे तो धरून चाललाय. त्याला गप्पांपेक्षा माहिती हवी आहे.

आमच्या बाबतीत काय झालं ते सांगते. संस्थेचं नाव घेणार नाही. प्रकल्प एका कंपनीच्या सीएसआर निधीवर, म्हणजे सामाजिक कामासाठी बाजूला काढलेल्या पैशावर चालायचा. मार्चमध्ये निधी संपला आणि आम्हा मेंटरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप आला: प्रकल्पाचा टप्पा यशस्वीरीत्या पूर्ण झाला आहे, सहकार्याबद्दल आभार, यापुढे मुलांशी थेट संपर्क ठेवू नये. खाली प्रमाणपत्राची पीडीएफ. मुलांना हे कोणी सांगितलं, काय शब्दांत सांगितलं, असं मी विचारलं तर उत्तर नाही. फोन केला तर 'मॅडम मीटिंगमध्ये आहेत'. एक निरोपाची भेट द्या, तुमचा माणूस समोर बसवा, असंही लिहून दिलं. त्यालाही उत्तर नाही.

माझी मुलगी (बालगृहातली, माझ्या जोडीतली; मी तिला तसंच म्हणते) तेव्हा बारावीला होती. शनिवारी ती गणिताची वही घेऊन व्हरांड्यात बसून राहायची, हे मला तिथल्या मावशींकडून फार उशिरा कळलं. अठरा पूर्ण झाल्यावर तिनं स्वतःहून माझा नंबर शोधला. भेटल्यावर पहिलं वाक्य: "मला वाटलं, पूर्वपरीक्षेत मार्क कमी पडले म्हणून तुम्ही यायचं बंद केलं." अनुरक्षण गृहाचा (अठरानंतर बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांसाठीच्या निवासाचा) अर्ज आम्ही त्याच महिन्यात बसून भरणार होतो. तो राहिला. ती लांबच्या नातेवाइकांकडे गेली आणि शिक्षणाचं एक वर्ष तिथे गेलं. आजही त्या पीडीएफची आठवण झाली की माझा तोल जातो. वार्षिक अहवालात किती जोड्या लावल्या ते छापतात. किती जोड्या निरोपाशिवाय तुटल्या, याचा रकाना मी अजून एकाही अहवालात पाहिलेला नाही.

हे फक्त माझं दुःख म्हणून सोडून देऊ नका. अमेरिकेतल्या बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स या मेंटर-मुलांच्या जोड्या लावणाऱ्या संस्थेच्या जोड्यांवर जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांत मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला. अगदी थोडक्यात आटोपलेल्या जोड्यांत मात्र मुलांची घसरण दिसली. माझं स्पष्ट मत आहे की निरोप कसा द्यायचा हे ठरलेलं नसेल तर संस्थेनं जोडी लावूच नये.

तर आता तुम्ही काय करायचं. संस्थेला आजच ईमेल करा, फोन नको. नवीन संपर्क कोण, प्रकल्प बंद होणार असेल तर शेवटची भेट कोणत्या तारखेला, आणि मुलाला ते कोण सांगणार, एवढंच विचारा. प्रत बालगृहाच्या अधीक्षकांना लावा. अधीक्षक त्या मुलाला रोज बघतात आणि बहुतेकदा संस्थेपेक्षा लवकर हलतात. पुढच्या भेटीत मुलाला सरळ सांगा की ताई गेली ती तिच्या नोकरीमुळे, तुझ्यामुळे नाही, आणि मी अमुक तारखेला येणार आहे. 'मी कायम आहे' असं चुकूनही म्हणू नका. तारीख द्या आणि पाळा. संस्थेनं संपर्क थांबवायला सांगितलाच, तर मुलगा अठराचा होईपर्यंत ते पाळावं लागेल, पण निरोपाच्या भेटीसाठी भांडा.

दुसरं, अठरानंतरचं. मी वकील नाही, आणि जिल्ह्याजिल्ह्यात अंमलबजावणी वेगळी असते, तेव्हा खात्री करून घ्या. बाल न्याय अधिनियम २०१५ आणि त्याखालच्या नियमांत संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे, अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षं. ते आपोआप मिळत नाही. अधीक्षक आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे त्याच्या नावाची योजना काय आहे, ते आत्ताच विचारा. पालक नसतील तर महिला व बाल विकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्रही तो बालगृहात असतानाच मार्गी लावा, कारण राज्यानं २०१८ मध्ये शिक्षण आणि सरकारी नोकरीत अनाथांना दिलेलं १ टक्का आरक्षण त्या कागदाशिवाय मिळत नाही. सगळी जुनी कागदपत्रं तिथेच असतात. एकदा बाहेर पडलं की एकेका सहीसाठी हेलपाटे.

आणखी एक, याचा इथे थेट संबंध नाही तरी सांगते. त्याच्या आधारला कोणता मोबाईल नंबर जोडलाय ते बघा. आमच्याकडे तो बदलून गेलेल्या जुन्या अधीक्षकांचा निघाला, आणि कॉलेजच्या अर्जाचा, बँकेचा, शिष्यवृत्तीचा प्रत्येक ओटीपी त्यांच्या फोनवर जायचा. नंबर बदलायला आमच्या वेळी मुलाला स्वतः आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागले, म्हणजे अधीक्षकांची परवानगी आणि सोबत माणूस हवा. परीक्षेच्या आधी उरकून घ्या.

तुमचा जिल्हा कोणता ते लिहा. पुणे किंवा सातारा असेल तर अर्जाला कोणते कागद लागले त्याची यादी टाकते.