सगळंच अर्जंट आहे, तर आधी हात कशाला घालू?

प्रश्न : ताई, मी इचलकरंजीत एका टॅक्स कन्सल्टंटकडे अकाउंटंट आहे. आमचे बहुतेक क्लायंट सूत व्यापारी नाहीतर यंत्रमागवाले. महिन्याची 5 तारीख उलटली की फोन सुरू होतात ते 22 पर्यंत थांबत नाहीत, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर बिलांचे फोटो टाकतं तेही अर्धे पुसट, कुणाला बँकेसाठी बॅलन्स शीट आजच्या आज पाहिजे असते, आणि सरांना विचारलं की आधी कुठलं करू तर म्हणतात सगळंच महत्त्वाचं आहे, बघ तू कसं बसतंय ते. मग जो जास्त ओरडतो त्याचं काम आधी होतं आणि जो गप्प बसतो त्याचं राहतं. घरी जायला रात्रीचे नऊ वाजतात, मुलगी वाट बघून झोपून जाते. काम येत नाही असं नाहीये, पण सकाळी टेबलापाशी बसलं की कळतच नाही कुठून सुरुवात करायची. काय करू?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : अगं, कळत नाही कारण तुझ्यासमोर पन्नास कामं एकाच रांगेत उभी आहेत आणि ती रांग लावून द्यायची जबाबदारी कुणी घेतलेली नाही. मीही बरीच वर्षं अकाउंट्समध्ये काढलीत, त्यामुळे हे फोन, हे पुसट फोटो सगळं ओळखीचं आहे गं. आवाजावरून काम ठरवायचं तेवढं आधी बंद कर. त्याऐवजी दोनच गोष्टी बघ, हे उद्यावर गेलं तर नुकसान किती आणि माझ्यामुळे आणखी कुणाचं अडतंय का.

नुकसानीचं आधी सांगते कारण आपल्या धंद्यात ते चक्क रुपयांत मोजता येतं. समज खर्चीवाल्यांच्या, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणाऱ्यांच्या, मजुरीवर जूनमध्ये कापलेला 50,000 रुपये टीडीएस (पैसे देताना कापून सरकारकडे भरायचा कर) आहे, तो 7 जुलैला भरायचा राहिला आणि 8 ला भरला, तर व्याज महिन्याला दीड टक्का, आणि महिने मोजताना जून-जुलै दोन्ही धरतात, म्हणजे एका दिवसापायी 1,500 रुपये गेले. आता तेवढीच रक्कम जीएसटीत रोख भरायची आहे आणि 3बी, म्हणजे कर भरायचं जीएसटी रिटर्न, एक दिवस उशिरा गेलं, तर लेट फी 50 रुपये आणि वर्षाला 18 टक्क्यांनी एका दिवसाचं व्याज साधारण 25, झाले 75. दिवस एकच, पण फरक बघ केवढा! म्हणून 4 ते 7 या तारखांत टीडीएसच्या चलनांशिवाय दुसऱ्या कशात डोकं घालू नकोस, बॅलन्स शीटवाला कितीही वेळा फोन करू दे. 3बी उशिरा गेलं तरी चालतं असं मी म्हणत नाहीये हं, पण दोन्हीतलं एकच होणार असेल तर कुठलं, हे तुला चटकन ठरवता यायला हवं.

दुसरं, अडलेलं माणूस. 11 तारखेचं जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, पैशात मोजलं तर लहान वाटतं, पण तुझ्या सूत व्यापाऱ्याचं ते वेळेत गेलं नाही तर 14 ला त्याच्या गिऱ्हाइकाच्या 2बीमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या खरेदीच्या यादीत, ते बिलच दिसत नाही, गिऱ्हाइकाचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) अडकतं, मग तो पेमेंटमधली जीएसटीची रक्कम रोखून धरतो आणि तो फोनही शेवटी तुलाच येतो. निम्मे फोन असेच मागच्या महिन्यातल्या राहिलेल्या कामाचे असतात, नीट बघ एकदा. म्हणून ज्यांची बिलं दुसऱ्या व्यापाऱ्यांना जातात त्यांचं आधी कर, आणि तिमाहीवाल्यांचं, म्हणजे तीन महिन्यांतून एकदा रिटर्न भरणाऱ्यांचं, जीएसटीआर-1 13 तारखेला असतं, आपल्याकडे 3बी 22 ला, त्यांना 10 तारखेला हात लावायचं कारणच नाही. ज्यांचा काहीच व्यवहार नाही त्यांची निल रिटर्नं 1-2 तारखेलाच एका बैठकीत उरकून टाक, ती एसएमएसवरूनही जातात. आणि दरमहावाल्यांच्या 3बीची शेवटची तारीख 20, त्या संध्याकाळवर काही ठेवू नकोस, पोर्टल रखडतं आणि नेमका तेव्हाच ओटीपीसाठी मालक फोन उचलत नाही.

आता बॅलन्स शीटवाला. त्याचंही खरंच अडलेलं असतं गं, बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, धंद्यासाठीची कर्जमर्यादा) रिन्यू व्हायची असते. त्याला फक्त विचार, बँकेने नक्की कुठली तारीख दिलीय? बऱ्याचदा 'आजच्या आज'ची तारीख पुढच्या आठवड्यातली निघते. मग त्याला दिवस सांग आणि तो पाळ, एकदा पाळलास की तो रोज फोन करणार नाही.

पुसट फोटोंचं मात्र तुला एकटीला जमणार नाही, ते सरांनीच क्लायंटला सांगायला हवं की 5 तारखेपर्यंत बिलं आली नाहीत तर काम रांगेत शेवटी जाईल. आणि सरांना परत 'आधी काय करू' असं मोकळं विचारू नकोस. एका कागदावर उरलेली कामं, प्रत्येकापुढे शेवटची तारीख आणि लागणारे तास लिही, आणि विचार, सर आज माझ्याकडे आठ तास आहेत आणि हे तेरा तासांचं आहे, मी ही चार कामं घेते, बाकीचं उद्या चालेल का? कागद समोर आला की 'सगळंच महत्त्वाचं' म्हणणं कुणालाही अवघड जातं. निवड त्यांनी करायची आहे, ते त्यांचं कामच आहे, इतके दिवस ते तू रात्री नऊपर्यंत बसून भरून काढते आहेस आणि त्यात तुझ्या लेकीचा वेळ जातोय, याचं मला फार वाईट वाटतं.

दोन-तीन महिने असे कागद साठव. दर महिन्याला तास पुरतच नसतील तर क्रम लावून ते वाढणार नाहीत, आणखी एक माणूस हवा, निदान 5 ते 22 बिलं चढवायला बीकॉमचं एखादं पोर तरी. हे बोलायला 23-24 तारीख बरी, सरही जरा मोकळे असतात. 19 ला बोललीस तर 'एवढं 3बी होऊ दे' एवढंच ऐकायला मिळेल.