वाईच्या बंद वाड्यात १५ लाख घालावेत का?

प्रश्न: वाईत आजोबांचा वाडा आहे. ते १९८१ मध्ये गेले, मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) अजून त्यांचंच नाव आहे. मी ठाण्यात, एक चुलतभाऊ पुण्यात, दुसरा अमेरिकेत. आमच्या तिघांचे वडील आता नाहीत. अकरा वर्षं वाड्याला कुलूप आहे. मागची भिंत बोळाकडे कलली म्हणून नगरपरिषदेची नोटीस आली. लेकीच्या शिक्षणासाठी फंडात ठेवलेले १५ लाख काढून वाडा दुरुस्त करावा, होमस्टे चालवावा असं वाटतं. एक जण माझ्या एक तृतीयांश हिश्श्याचे २५ लाख देतोय. एजंट म्हणतो, पूर्ण वाडा सव्वा कोटीला जाईल.

उत्तर: ताई, आधी भिंतीचं बघा. त्या बोळातून रोज माणसं जातात. कौलं सरकून पाणी मुरू लागलं की मातीची भिंत फार पावसाळे काढत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून टेकू द्या, नाहीतर कललेला भाग उतरवा. हा खर्च तिघांनी वाटून घ्या, पण कोणी नाही म्हणालं तरी थांबू नका. तुम्ही काही केलं नाही, तर नगरपरिषद ते बांधकाम उतरवून खर्च मालकांकडूनच वसूल करू शकते. उतरवताना खांब-तुळयांची मोजदाद आणि फोटो ठेवा. जुन्या सागवानाला चांगला भाव असतो आणि ‘फुकट उतरवून देतो’ म्हणणाऱ्याचा डोळा त्यावरच असतो.

१५ लाखांना मात्र हात लावू नका. सामाईक मिळकतीत पैसे घातले म्हणून तुमचा हिस्सा वाढत नाही. होमस्टे चालला तर भाऊ उत्पन्नात वाटा मागतील आणि तो त्यांचा हक्कच आहे. चालला नाही तर लेकीची फी कुठून भरणार?

शिवाय तुमचा हिस्सा खरंच एक तृतीयांश आहे का? पत्रात आत्यांचा उल्लेख नाही. वाडा आजोबांनी स्वतः घेतलेला असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या वारसा कायद्याने मुलींचा वाटा मुलांइतकाच. एक आत्या असली तरी तुमचा हिस्सा चौथ्यावर येतो. तेव्हा पहिलं काम वारस नोंदीचं. घरपट्टीची थकबाकीही बघा, तिच्यावर दरमहा २ टक्के शास्ती (दंड) चढते.

२५ लाखांना हिस्सा विकू नका. सव्वा कोटीचा तिसरा भाग जवळपास ४२ लाख होतो. राहत्या घराचा अविभक्त (वाटणी न झालेला) हिस्सा घेणाऱ्या परक्याला घरच्यांबरोबर ताबा मागता येत नाही, वाटणीचा दावा लावावा लागतो. त्या कोर्टकचेरीची किंमत तो तुमच्याकडून आधीच कापून घेतोय आणि दावा तुमच्या भावांच्या गळ्यात पडेल.

माझं मत: सगळ्यांनी मिळून पूर्ण वाडा विका. अमेरिकेतल्या भावाला तिथल्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र करता येईल. ते इथे आल्यावर ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक लागला पाहिजे.

कराचं गणित समजून घ्या. जुन्या मिळकतीला खरेदीचा खर्च म्हणून १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, पण त्या दिवशीच्या सरकारी मूल्यापेक्षा जास्त नाही. समजा तुमच्या हिश्श्याची ती किंमत ६ लाख आहे आणि हातात ४० लाख आले. २०२५-२६ चा महागाई निर्देशांक ३७६ (२००१-०२ चा १००), म्हणजे महागाईनुसार वाढवलेला खर्च २२.५६ लाख, नफा १७.४४ लाख, त्यावर २० टक्क्यांनी कर ३.४९ लाख. निर्देशांकाशिवाय १२.५ टक्क्यांनी तो ४.२५ लाख होतो. दोन्हींपैकी कमी तो निवडता येतो. विक्रीची किंमत २००१ च्या किमतीच्या साधारण ८.४ पटीपुढे गेली, तर मात्र १२.५ टक्केच परवडतात. ही निवड भारतात निवासी असणाऱ्यांनाच आहे, अमेरिकेतल्या भावाला नाही. त्याने व्यवहाराआधी कमी टीडीएसचं (खरेदीदार आधीच कापून घेतो त्या कराचं) प्रमाणपत्र काढावं, नाहीतर त्याची मोठी रक्कम अडकून पडेल.

तुमचा जीव वाड्यात असेल तर तोही मार्ग आहे, पण उलट्या क्रमाने. इतरांचे हिस्से नोंदणीकृत दस्ताने घ्या, मिळकत पत्रिकेवर एकटीचं नाव लावा आणि मग दुरुस्तीसाठी कर्ज काढा. त्या कर्जाचा हप्ता पगारातून झेपत असेल तरच.

नोटिशीला लेखी उत्तर या आठवड्यातच द्या, सोबत इंजिनिअरचं पत्र जोडा आणि पोच घ्या.