मनू, ते सात दगड

न्यू जर्सी, २ सप्टेंबर २०२५

प्रिय मनू,

रविवारी ओढ्यावरून गौरीचे खडे घेऊन येताना तू म्हणालीस, "त्या कुत्रेवाल्या आजी हॅलो म्हणाल्या आणि तू बोललीच नाहीस, मला किती ऑकवर्ड झालं! आणि आई, हे नुसते दगड आहेत ना?" तेव्हा माझ्या तोंडात पाण्याची चूळ होती. घरी आल्यावर लगेच उत्तर दिलं असतं तर चिडून दिलं असतं, म्हणून लिहितेय.

हो गं, दगडच आहेत. आपल्याकडे गौरी खड्यांच्या, मुखवटे आणि भरजरी साड्यांच्या नाहीत. चिपळूणजवळच्या आमच्या घरामागे पऱ्या, म्हणजे ओढा होता, भाद्रपदात नुसता खळाळायचा, मी आणि ताई परकर खोचून त्यात उतरायचो, आजी काठावरून ओरडायची गुळगुळीत बघा, सातच घ्या, मग खडे ताम्हनात ठेवून, तोंडात पाण्याची चूळ धरून न बोलता घरी. ताईला मधेच हसू फुटायचं आणि सगळं पाणी परकरावर. पायरीवर आई आमच्या पायांवर दूधपाणी घालून कुंकू लावायची आणि तसल्या ओल्या पायांनी आम्ही गौर घेऊन घरभर फिरायचो, माजघर, स्वयंपाकघर, कोठीची खोली. प्रत्येक ठिकाणी आजी विचारायची "इथे काय आहे?" आणि आम्ही म्हणायचं "उदंड आहे!" कोठीत तेव्हा अर्धंच पोतं तांदूळ असायचे, पण उदंड म्हणायला फार छान वाटायचं. एरवी मला कोण विचारत होतं? त्या दिवशी माझ्या हातात गौर म्हणून आजोबासुद्धा उठून वाट द्यायचे.

पण सगळं छानच होतं असं नाही. माईआत्याचे यजमान लवकर गेले, ती आमच्याकडेच राहायची. घावनांचं पीठ भिजवणं, घाटल्यासाठी नारळ खवून रस काढणं, सगळं ती करायची, पण खडे आणायला सवाष्ण नाहीतर कुमारिकाच. आम्ही गौर घेऊन आत आलो की माईआत्या पदराला हात पुसत दारातून मागे सरायची. गौर म्हणजे माहेरवाशीण म्हणतात, अनुराधा नक्षत्रावर येते, ज्येष्ठावर जेवते, मूळावर जाते, मग माहेरी कायमची आलेली ही लेक मागे का? मी आईला विचारलं होतं. आई म्हणाली, "असं विचारू नये."

रविवारी हेच वाक्य माझ्या तोंडावर आलं होतं मनू. चूळ होती ते बरं झालं.

न बोलता का यायचं ते मला खरंच नीट सांगता येत नाही. बोलायचं नाही म्हटलं की हातातलं ताम्हन जड वाटायला लागतं, अगदी सावकाश चालते मी, वर्षातून तेवढीच. लेबर डेच्या सुट्टीमुळे काल पूजेला तू होतीस, घाटल्याची वाटी दोनदा पुढे केलीस, मला किती बरं वाटलं ते बोलले नाही. तुला वाटेल लगेच पुढच्या वर्षीचं गळ्यात घालतेय.

आज दहीभाताचा नैवेद्य दाखवून मी एकटीच जाऊन ते सातही ओढ्यात सोडून आले. आजी आणायची तशी मूठभर वाळू आणलीये, तुळशीच्या कुंडीत घातली. त्या कुत्रेवाल्या आजी परत भेटल्या, त्यांना सगळं सांगितलं, रविवारबद्दल सॉरी म्हटलं. त्यांनी विचारलं, मुलीला आवडतं का हे? मी म्हटलं, तिला कधी विचारलंच नाही.

तर विचारतेय. नाही म्हणालीस तरी घावन करीनच.

आई