आर 18 क्लासिक: लांब पल्ल्याला चालेल का?

बीएमडब्ल्यूची आर 18 क्लासिक ही मोटरसायकल रोज चार-पाचशे किलोमीटरच्या टूरिंगला चालेल, की नुसती देखणी आहे, असं विचारलंय. चालेल, पण आधी तिच्यावर नीट बसून बघा. कारण पुढे येतंच.

ही गाडी म्हणजे तिचं इंजिन. 1802 सीसीचा, हवा आणि तेलाने थंड होणारा बॉक्सर, म्हणजे दोन सिलिंडर दोन बाजूंना आडवे. पॉवर 91 एचपी, म्हणजे आकाराच्या मानाने बेताचीच. पण टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद, 158 न्यूटन मीटर आणि तोही 3000 आरपीएमला. 2000 ते 4000 च्या दरम्यान 150 च्या खाली येत नाही. त्यामुळे टॉप गिअरला टाकायची आणि विसरायचं; ओव्हरटेकला गिअर पाडावा लागत नाही. क्रँक (इंजिनातला फिरणारा दांडा) गाडीच्या लांबीत बसवलेला असल्याने उभ्या गाडीला थ्रॉटल दिला की ती एका अंगाला झुकते. पहिल्यांदा दचकायला होतं, मग मुद्दाम करावंसं वाटतं!

रूप बीएमडब्ल्यूच्याच 1936 च्या आर 5 वरून घेतलंय. मागचं चाक फिरवणारा उघडा शाफ्टही (चेनऐवजी असलेला दांडा) तिथलाच. दिसतो झकास, आणि चेन साफ करा, तेल लावा ही कटकट संपते. गाडी चालवायचे रेन, रोल, रॉक असे तीन मोड आहेत. मला रोल पुरतो.

आता बसण्याचं. दोन्ही सिलिंडर नेमके पायांच्या पुढे येतात. म्हणून इतर क्रूझरसारखे पाय पुढे ताणता येत नाहीत, फूटपेग (पाय ठेवायच्या दांड्या) मध्येच आहेत. उंच माणसाचे गुडघे तासाभरात बोलायला लागतात. मागच्या सस्पेन्शनला ट्रॅव्हल, म्हणजे दबायला जागा, जेमतेम 90 मिमी, तेव्हा खड्डा थेट कंबरेत. वळणावर गाडी फार झुकवता येत नाही, खालचे भाग लवकर घासतात.

विंडशील्ड, बॅगा, क्रूझ कंट्रोल क्लासिकला मिळतातच. टाकी मात्र 16 लिटरची. सव्वादोनशे किलोमीटर झाले की पंपावर नजर ठेवायची. वजन 365 किलो. उतारावर नाक खाली करून पार्क केली तर मागे ओढताना घाम फुटतो, म्हणून रिव्हर्स गिअरचा पर्याय न कुरकुरता घ्या.

मागे कायम कोणी बसणार असेल तर हिचीच मोठी बहीण आर 18 ट्रान्सकॉन्टिनेंटल बघा. टाकी 24 लिटरची, मोठं फेअरिंग (वारा अडवणारं पुढचं आवरण), मागे टेकायला टॉपकेस (सामानाची पेटी). वजन आणखी साठेक किलोने वाढतं, हे गृहीत धरा. टेस्ट राइड दहा मिनिटांची देत असतील तर तासाभराची मागा आणि मागे बसणाऱ्यालाही सोबत न्या.