वाचकांचे प्रश्न : लॅपटॉपला दोन मॉनिटर जोडताना

प्रश्न : मी अनुवादाचे काम करते. एका पडद्यावर मूळ मजकूर, दुसऱ्यावर अनुवाद आणि तिसऱ्यावर शब्दकोश उघडा ठेवता यावा, अशी माझी गरज आहे. माझ्या विंडोज लॅपटॉपला एक एचडीएमआय आणि एक यूएसबी-सी पोर्ट असून, दोन एचडीएमआय असलेला यूएसबी-सी हब मी विकत घेतला. मात्र दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दिसते. शिवाय त्यांपैकी ४के मॉनिटर एकटा जोडला, तरी त्यावर माउसचा बाण अडखळत सरकतो. दोष हबचा आहे की लॅपटॉपचा?

उत्तर : बहुधा दोघांचाही नाही. प्रथम विंडोजची कळ आणि पी ही अक्षरकळ एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ हा पर्याय निवडावा. त्याने फरक पडला नाही, तर डिस्प्ले सेटिंग उघडून तेथे क्रमांक घातलेले चौकोन किती आहेत ते मोजावेत. दोन मॉनिटर जोडलेले असताना तीन चौकोन दिसायला हवेत. दोनच दिसत असतील, तर लॅपटॉपच्या दृष्टीने बाहेर एकच मॉनिटर आहे आणि हब त्याच्याकडे आलेले एकच चित्र दोन्हीकडे वाटून देत आहे, असा त्याचा अर्थ होतो. एका केबलमधून दोन वेगवेगळी चित्रे पाठवण्यासाठी एमएसटी नावाची सोय लागते. यूएसबी-सीमधून चित्र ज्या डिस्प्लेपोर्ट पद्धतीने जाते, तिच्या १.२ या आवृत्तीपासून ती आली. पण दोन एचडीएमआय असलेल्या प्रत्येक हबमध्ये ती असतेच असे नाही. खोक्यावर दोन पोर्टचे चित्र पाहून खरेदी करणाऱ्याची येथेच फसगत होते, आणि याविषयी स्पष्ट सांगितले जात नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

तुमच्या बाबतीत उपाय मात्र सोपा आहे. एक मॉनिटर हबला आणि दुसरा थेट लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टला जोडावा. दोन स्वतंत्र पोर्टमधून दोन स्वतंत्र चित्रे निघतील आणि नवे काही विकत घ्यावे लागणार नाही.

आता अडखळणाऱ्या बाणाविषयी. डिस्प्ले सेटिंगमधील ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडल्यास ४के मॉनिटरचा रिफ्रेश रेट ३० हर्ट्झ दिसेल, असा माझा अंदाज आहे. म्हणजे चित्र सेकंदाला ६० ऐवजी ३० वेळाच बदलते आणि बाण सरकवताना, पान वरखाली करताना ते डोळ्यांना लगेच जाणवते. यूएसबी-सी पोर्टमध्ये वेगवान माहितीसाठी चार मार्गिका असतात. हबला पेन ड्राइव्हसारखी साधनेही वेगाने चालवायची असल्याने अनेक हब त्यांपैकी दोन मार्गिका यूएसबीसाठी राखतात आणि चित्रासाठी दोनच उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने त्या दोन मार्गिकांमधून ४के चित्र ६० हर्ट्झने जाऊ शकत नाही. त्यामुळे ४के मॉनिटर लॅपटॉपच्या एचडीएमआयला आणि साधा मॉनिटर हबला, अशी अदलाबदल करून पाहावी. लॅपटॉपचे पोर्ट एचडीएमआय २.० किंवा त्यापुढचे असेल आणि केबलही त्या क्षमतेची असेल, तर ६० चा पर्याय दिसू लागेल, १.४ असेल, तर तेथेही ३० वरच अडेल. तसे झाल्यास यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी सरळ केबल घ्यावी, कारण तिच्यात चारही मार्गिका चित्राला मिळतात. अर्थात लॅपटॉप त्याच पोर्टवरून चार्ज होत असेल, तर मात्र हा मार्ग अडचणीचा ठरेल.

फोनच्या चार्जरसोबत आलेली यूएसबी-सी केबल चित्रासाठी वापरू नये. तिची दोन्ही टोके अगदी तशीच दिसत असली, तरी अशा बऱ्याच केबलमध्ये वेगवान मार्गिकांच्या तारा घातलेल्याच नसतात.

प्रश्न : एम१ चिपच्या मॅकबुक एअरला दोन मॉनिटर जोडता येतात का?

उत्तर : थेट जोडता येत नाहीत. एम१ आणि एम२ चिपच्या एअरवर बाहेरचा एकच मॉनिटर चालतो. एम३ च्या एअरवर झाकण बंद ठेवल्यास दोन चालतात आणि एम४ पासून झाकण उघडे असतानाही चालतात. एमएसटी असलेला हब घेऊनही उपयोग नाही, कारण मॅकओएस त्या पद्धतीने स्वतंत्र पडदे देत नाही. तुमच्यासाठी डिस्प्लेलिंक तंत्रज्ञानाचा डॉक, म्हणजे हबसारखेच जोडणीचे साधन, हा मार्ग उरतो. त्याचे सॉफ्टवेअर दुसऱ्या पडद्याच्या चित्राची माहिती दाबून (कॉम्प्रेस करून) साध्या माहितीप्रमाणे यूएसबीतून पाठवते. ते सॉफ्टवेअर बसवून त्याला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते. लेखन, तक्ते, ईमेल यांसाठी ही सोय उत्तम चालते. मात्र वेगवान खेळांना ती पुरी पडत नाही आणि प्रत-संरक्षण असलेले चित्रपट तिच्यावर अनेकदा काळे दिसतात.